पंधरा मिनिटांचा अंधार

३० एप्रिल २०२५. रात्रीचे नऊ. मालेगावात एका लूमच्या शेडात मी उभा होतो आणि एकाएकी सगळं गप्प झालं.

ज्यानं मालेगाव पाहिलंय त्यालाच हे गप्प होणं कळेल. हे शहर खटखटीवर जगतं. भिंतीला कान लावला तरी लूम ऐकू येतो, उशीवर डोकं ठेवलं तरी लूम ऐकू येतो. तो थांबला की लेकरं झोपेतून दचकून उठतात. कारण तो थांबला म्हणजे लाइट गेली, नाहीतर सूत महागलं, नाहीतर गावात काहीतरी झालं.

त्या रात्री यातलं काहीच नव्हतं. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं हाक दिली होती. नव्या वक्फ कायद्याच्या निषेधात देशभर नऊ ते सव्वानऊ दिवे बंद. बत्ती गुल. गल्लीतली घरं, दुकानं, कारखाने, सगळीकडं काळोख.

"बैठ जा कवी," अंधारातून चाचांचा आवाज आला. "पंद्रह मिनट का आराम है."

चाचा सहा लूम चालवतात. पगार नाही, जेवढे मीटर तेवढे पैसे. पंधरा मिनिटं सहा लूम उभे म्हणजे ती पंधरा मिनिटं चाचांच्या खिशातून गेली. मालक गल्लीच्या तोंडाशी उभा राहून कुणाचा दिवा जळतोय ते बघत होता. ज्यानं लघवीला जायला कधी पंधरा मिनिटं दिली नाहीत, त्यानं कौमसाठी पंधरा मिनिटं दिली. तीही चाचांचीच.

मी विचारलं, "चाचा, मजुरी वाढवून मागायला कधी बत्ती गुल केली का हो तुम्ही?"

अंधारात ते हसले. बिडीचं टोक हाललं तेवढं दिसलं.

"उस का फतवा कौन देगा, बेटा?"

दोस्तहो, हा लेख त्या एका वाक्यावर आहे. ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात अडकून बसलंय.

मी कोण, ते आधी सांगतो. मी सूतगिरणीत वाइंडिंगला आहे. नववीत शाळा सुटली. नंतरचं शिक्षण रद्दीच्या दुकानात आणि वस्तीतल्या वाचनालयात झालं. आमच्या मशीनवर गुंडाळलेले कोन मालेगावच्या लूमवर जातात. माझ्या हातातलं सूत चाचांच्या हातात जातं. पण आमची ओळख सुतामुळं झाली नाही. ती मुशायऱ्यात झाली. मी मागं उभा राहून वहीत शब्द उतरवत होतो, चाचा बाजूला होते, आणि न समजलेल्या शब्दांचे अर्थ ते कानात सांगत होते. मोसम नदीच्या अलीकडं आमचं घर, पलीकडं त्यांचं. मधे पूल. गावात काही झालं की तोच पूल पोलीस पहिला बंद करतात.

बत्ती गुलच्या चारच दिवसांनी आमच्या पोरांची बैठक झाली. विषय वक्फ कायदा. दोन मतं पडली.

एक जण म्हणाला, "मुल्ला-मौलवींचं भांडण आहे. जमिनी त्यांच्या, घोटाळे त्यांचे. आपण कशाला मधे पडायचं?"

दुसरा म्हणाला, "आज त्यांच्यावर आलंय, उद्या आपल्यावर. अशा वेळी त्यांच्या संघटनेवर बोट ठेवणं म्हणजे गद्दारी. एकजूट आहे ना, मग तोंड बंद."

मी दोघांशीही भांडलो. पण बैठकीत मला नीट बोलता आलं नाही. बोलताना माझी जीभ अडते, म्हणून लिहितो.

पहिल्या दोस्ताला सांगायचं ते असं. तू फेब्रुवारीपासून स्टेटसवर काय ठेवतोयस? महाबोधी महाविहार बौद्धांच्या ताब्यात द्या. बरोबर आहे. बोधगयेला भिक्खू उपोषणाला बसले ते कशासाठी? १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्यानं जी कमिटी केली तिच्यात चार बौद्ध, चार हिंदू आणि वर अध्यक्ष जिल्हाधिकारी. आपण म्हणतो, आमच्या विहाराच्या कारभारात दुसऱ्या धर्माचे लोक कशाला? मग एप्रिल २०२५ च्या वक्फ कायद्यानं वक्फ बोर्डावर बिगरमुस्लिम सभासद बसवायचं ठरवलं, तेव्हा मुसलमानानं हाच प्रश्न विचारला तर तुला हसू का येतं? १५ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानंही अंतरिम आदेशात त्या सभासदांच्या संख्येला मर्यादा घातली: केंद्रीय परिषदेत २२ पैकी चार, राज्य बोर्डात ११ पैकी तीन. म्हणजे प्रश्न अगदीच मुल्लाच्या डोक्यातून आलेला नव्हता. जो न्याय बोधगयेत मागतोस तोच मालेगावात नाकारशील, तर तुझा तो न्याय नाही, तुझी ती सोय आहे.

आणि "मुल्ला-मौलवी" हा एकच गठ्ठा कुठं आहे? आपल्याला "सगळे जयभीमवाले सारखेच" म्हणतात तेव्हा आपलं डोकं फिरतं ना? जमियत उलमा-ए-हिंद १९१९ ची. देवबंदच्या उलेमांची. तिच्यातल्या हुसेन अहमद मदनींनी १९३८ साली पुस्तक लिहून मांडलं की हिंदू-मुसलमान मिळून एक राष्ट्र होऊ शकतं, आणि लीगच्या पाकिस्तानला विरोध केला. दाढी-टोपीवाले मौलाना फाळणीच्या विरोधात आणि सुटातले जिना फाळणीच्या बाजूनं, हा इतिहास आपल्या कुठल्याच शाखेत शिकवत नाहीत. तबलीगवाले निराळे. ते राजकारणाचं नावच काढत नाहीत, नमाज शिकवत गावोगाव फिरतात. जमाते इस्लामी निराळी, १९४१ ची, आणीबाणीत तिच्यावर बंदी आली होती. आणि हा पर्सनल लॉ बोर्ड १९७२ च्या डिसेंबरात मुंबईत भरलेल्या अधिवेशनातून निघाला, १९७३ मध्ये उभा राहिला. शरियतचा कायदा राखायला सगळ्या पंथांचे लोक एका छपराखाली आले तो हा. एकमेकांच्या मागं नमाज न पढणारेही तिथं शेजारी बसले. हे सगळे आपसात भांडतात. खुद्द जमियत २००८ मध्ये काका-पुतण्यांत फुटली. फूट हा काही फक्त आपल्या पक्षांचाच वारसा नाही.

आता दुसरा दोस्त. जो म्हणतो तोंड बंद. त्याला उत्तर द्यायचं तर मला माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागते.

जानेवारी २०१८. भीमा कोरेगावला हल्ला झाला, ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. त्यानंतर पोलीस वस्त्यांत शिरले. माझा थोरला भाऊ घरातून उचलला. तो दगड मारायला नव्हता, रात्रपाळी करून झोपला होता. माय तीन पुढाऱ्यांच्या दारात गेली. एक मुंबईला होता, दुसरा झोपला होता, तिसऱ्यानं फोन नंबर दिला तो लागला नाही. चौथ्या दिवशी चाचा पुलावरून चालत आले. बरोबर एक वकील. मोहल्ल्यातल्या एका जमातीची कमिटी आहे, तिचा वकील. नाव सांगत नाही. त्यानं कागद केले, जामीन काढला. पैसे विचारले तर म्हणाला, "चाय पिला दो."

मायनं त्याला चहा दिला. कपबशीत दिला. आणि तो प्याला. आमच्या घरात हे अजून मोजलं जातं.

या कमित्यांकडं वकील कुठून आले? दुःखातून आले. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शबे बरात. मालेगावात बडा कब्रस्तानच्या मशिदीपाशी आणि जवळच्या चौकात स्फोट झाले, तीसहून जास्त माणसं मेली. नमाजला गेलेली माणसं, फकीर, लेकरं. आणि पकडले कुणाला? नऊ मुसलमानांना. ज्यांचे मेले त्यांचेच पकडले. चाचा सांगतात, त्या दिवसांत वकीलपत्र घ्यायलाही माणूस धजावत नव्हता. तेव्हा जमियतच्या महाराष्ट्रातल्या कायदा कमिटीनं खटले हातात घेतले. एप्रिल २०१६ मध्ये ते नऊही जण आरोपातून मोकळे झाले. दहा वर्षं. एक जण तर निकाल ऐकायलाही उरला नव्हता. त्याच २००६ च्या जुलैतल्या मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांचा खटलाही या कमिटीनं लढवला. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना सोडलं. सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत द्यायला मनाई केली, पण सुटलेल्यांना परत आत घातलं नाही. मग दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सुटले. तिथं जमियत मेलेल्यांच्या घरच्यांच्या बाजूनं उभी होती. हे सुटले, ते सुटले. मग बॉम्ब काय आभाळातून पडले? मेलेल्यांनी स्वतःच फोडले? याचं उत्तर सरकारनं द्यायचं असतं. ते कुणी देत नाही. म्हणून माणसं मशिदीच्या बाजूच्या त्या छोट्या ऑफिसात जाऊन बसतात, जिथं निदान फाइल तरी कुणी उघडून बघतं.

२०२० च्या लॉकडाउनात मी हेच पाहिलं. टीव्हीवर तबलीगच्या नावानं शिमगा चालला होता. त्याच ऑगस्टात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलीगवाल्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं, पण तोवर टीव्हीवाले दुसऱ्या बकऱ्याकडं गेले होते. इकडं मालेगावात दवाखाने बंद, कब्रस्तानात रांग. मोहल्ल्यातली दाढीवाली पोरं मयत उचलत होती, किराण्याच्या थैल्या भरत होती. त्यातल्या काही थैल्या पूल ओलांडून आमच्याकडंही आल्या. तांदूळ, तेल, तूरडाळ. आमच्या घरी त्या डाळीचं वरण झालं. मी ते खाल्लंय.

तर दुसऱ्या दोस्ता, मी उपकार विसरलेला माणूस नाही. आणि तरीही मी बोलणार आहे. का, ते ऐक.

चाचांची लेक, मी तिला आपा म्हणतो. बारावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली, माझ्याहून चार बुकं जास्त. २०१८ साली तिहेरी तलाकच्या विधेयकाविरुद्ध बोर्डाच्या हाकेवर महाराष्ट्रात गावोगाव बायकांचे मूक मोर्चे निघाले. मालेगावचा मोर्चा अफाट होता. आपा त्यात चालली. हातात दिलेला फलक धरून. शरियत आमची हिफाजत करते, असं त्यावर होतं म्हणे. तिनं लिहिलेला नव्हता, पण तिला तो पटला होता. ती मला म्हणाली होती, "नवऱ्याला तीन वर्षं तुरुंगात टाकून बाईच्या ताटात काय पडणार?" हा प्रश्न मला आजही खोटा वाटत नाही.

२०१९ ला कायदा झाला. २०२१ ला आपाच्या नवऱ्यानं तिला सोडलं. एका दमात तीनदा म्हणणं गुन्हा झालाय हे त्याला ठाऊक होतं. त्यानं महिन्या-महिन्याच्या अंतरानं तीन कागद पाठवले. कायद्यालाही बोट लावता येईना. दोन लेकरं आपाच्या पदरात. ती जमातीच्या त्याच कमिटीकडं गेली. कमिटीनं बसवलं, पाणी दिलं, मेहरची रक्कम आणि इद्दतच्या तीन महिन्यांचा खर्च मिळवून देतो म्हणाली. त्यापुढं? त्यापुढं अल्ला मालिक. आपा म्हणाली, मी कोर्टात जाऊन पोटगी मागते. तेव्हा तो वकील, माझ्या भावाचा जामीन काढणारा तोच, खाली मान घालून बोलला, "आपा, घर का मामला बाहर मत ले जाओ. कौम की बदनामी होगी. वक्त बुरा है."

वक्त बुरा है. हे खरं आहे. वेळ वाईट आहेच. पण आपल्या बायांनी विचारावं, दोस्तहो, चांगली वेळ कधी होती?

१९६६ च्या १८ एप्रिलला हमीद दलवाई सात बायकांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. सात. त्यांनाही वेळ चुकीची आहे असंच सांगितलं गेलं. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. १९७० साली पुण्यात त्यांनी मंडळ काढलं, आणि नाव काय दिलं? मुस्लिम सत्यशोधक मंडळ. आपल्या जोतिबांचं नाव. १९७७ मध्ये ते वारले, पंचेचाळीसही पुरे नव्हते. मग १९८५ मध्ये शहाबानो. सर्वोच्च न्यायालयानं म्हाताऱ्या बाईला पोटगी मंजूर केली. बोर्ड रस्त्यावर आला, सरकार घाबरलं, १९८६ मध्ये संसदेनं नवा कायदा करून बाईच्या हातातला निकाल काढून घेतला. तिकडच्यांना खूश केलं म्हणून इकडच्यांनाही काहीतरी द्यायला हवं, असा हिशोब त्या वर्षांत झाला. त्या हिशोबातून कुणाचं पीक आलं ते आपण ६ डिसेंबर १९९२ ला पाहिलं. आमच्या बापाच्या महापरिनिर्वाणाच्या दिवशी. तो दिवस मुद्दाम निवडला असो नसो, आमची छाती मात्र दोन्हीकडून फुटते.

आपा कोर्टात गेली. तिच्याबरोबर जायला भाऊ नाही, आणि चाचांना पाळी सोडता येत नाही. मी गेलो. कलम १२५. तारखा, तारखा. १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा एकदा स्पष्ट केलं की तलाक झालेली मुसलमान बाईही या कलमाखाली पोटगी मागू शकते. आपाच्या वकीलबाईनं तो निकाल लावला. महिन्याला चार हजार मंजूर झाले. तीन महिने आले, मग थांबले. आता वसुलीच्या तारखा चालू आहेत. आपा घरी साड्यांना फॉल-पिको करते. मोहल्ल्यातल्या काही बायका तिच्याकडं दिवसा येत नाहीत, रात्री येतात. कोर्टाचा पत्ता विचारायला.

एकदा कोर्टाच्या आवारात ती मला म्हणाली, "मोर्चात गेले तेव्हा सगळे आपा, आपा म्हणत होते. इथं आले तर कुणी ओळख दाखवत नाही. मी तीच आहे ना रे?"

मला उत्तर आलं नाही. तुमच्याकडं आहे का?

आता चाचांचं ते वाक्य पुन्हा बघा. मजुरीचा फतवा कोण देणार? मशिदीत मालक आणि मजूर एका रांगेत उभे राहतात, खांद्याला खांदा. हे खरं आहे. मी हेवा करून पाहिलंय. आमच्या आज्याला देवळाच्या पायरीवरही उभं करत नव्हते. पण सलाम फिरवून दोघं बाहेर आले की एक गाडीत बसतो, दुसरा सहा लूममधे उभा राहतो. कौमच्या नावानं जे बोलतात त्यांच्यात चाचा नाहीत, आपा नाही. चाचा अन्सारी, जुलाहे. १८५७ नंतर उत्तरेतून पोटासाठी आलेल्या विणकरांच्या वंशातले. त्यांच्याही खाली हलालखोर आहेत, मेहतर आहेत. धर्मात जात नाही आणि लग्नाला जात आहे, ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवायला नको. बाबासाहेबांनी १९४० साली पाकिस्तानवरच्या ग्रंथात मुसलमानांतली जात आणि बाईची कोंडी स्पष्ट लिहिली. तीच चार पानं फाडून आज भलतेच लोक आपल्या नाकापुढं नाचवतात. त्यांना विचारा, २५ डिसेंबर १९२७ ला महाडात परिषदेला कुणी जागा देईना तेव्हा जागा कुणी दिली? फत्तेखान नावाच्या मुसलमानानं दिली. बाबासाहेबांनी जात दिसली तिथं जात म्हटलं आणि मैत्री दिसली तिथं मैत्री घेतली. आपण दोन्हीतलं एकच का उचलतो?

पाटण्यात १९९८ मध्ये अली अन्वर यांनी पसमांदा मुस्लिम महाज काढला. पसमांदा म्हणजे मागं पडलेले. त्यांचा सवाल साधा होता: सगळ्या मुसलमानांच्या वतीनं बोलणाऱ्या या संघटनांच्या गादीवर सय्यद-शेखच का? विणकर, कसाई, धोबी, भंगी कुठं आहेत? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना १९५६ मध्ये घेतलं, आपल्याला बौद्ध म्हणून १९९० मध्ये. मुसलमान आणि ख्रिस्ती दलित तेव्हापासून दाराबाहेर उभे. या प्रश्नासाठी देशभर दिवे बंद करा अशी हाक मी कधी ऐकली नाही. आणि खरं बोलायचं तर आपणही दिली नाही. १९९० मध्ये आपण आत आलो आणि मागं दार लोटून घेतलं.

आणखी एक आठवण गिरणीवाल्यांसाठी. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या लोकांना घेत नसत. धोट्यातून धागा तोंडानं ओढून काढावा लागे, आणि आमची थुंकी लागलेला धोटा दुसऱ्याला नको असे. त्या खात्यात मराठे होते आणि मुसलमान विणकरही होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्यापुढं टाकला. म्हणजे जमातीनं, जातीनं आणि युनियननं, तिघांनीही एकेका वेळी आपल्याला "आत्ता नको, वेळ वाईट आहे" असंच सांगितलंय.

मालेगावचं राजकारण म्हणाल तर तेही या धाग्यातच आहे. हे शहर काही आज धर्माच्या नावावर उठलेलं नाही. १९२१ मध्ये खिलाफतीच्या दिवसांत इथं पोलिसांशी रक्तपात झाला, पोरांना फाशी झाली. पण स्वातंत्र्यानंतर याच शहरानं निहाल अहमद यांच्यासारखा समाजवादी वर्षानुवर्षं निवडून दिला. ६ डिसेंबर १९९२ नंतर त्यांनी दंडाला काळी फीत बांधली ती २०१६ मध्ये मरेपर्यंत सोडली नाही. मग २००९ मध्ये मुफ्ती मोहम्मद इस्माईल आमदार झाले, २०१९ मध्ये पुन्हा, आणि २०२४ मध्ये अवघ्या १६२ मतांनी पुन्हा. लोकांनी निवडून दिलं, लोकशाहीत त्यांचा हक्क आहे. साधू-महाराज विधानसभेत बसतात तेव्हा चालतं आणि मुफ्ती बसला की देश बुडतो, हे मी मानत नाही. पण मधल्या काळात काय झालं ते बघा. युनियन मेली. समाजवादी पांगले. शाळा-दवाखाने खाजगी झाले. पोलीस ठाण्यात ओळख दाखवणारा कार्यकर्ता उरला नाही. जी जागा रिकामी झाली तिथं जमात आली. मौलाना चोरपावलांनी आले नाहीत, आपण सगळ्यांनी मोकळी करून दिलेल्या घरात आले. आणि एक नियम आहे: जो चादर आणतो तो हुकूमही आणतो. माझ्या भावाला चादर मिळाली, आपाला हुकूम.

हे लिहून मी गप्प बसलो तर तुम्ही टाळ्या वाजवाल. म्हणून पुलाच्या अलीकडचंही सांगतो. आमच्या विहाराची कमिटी आहे. अकरा जण. एक बाई नाही. जयंतीची वर्गणी घरटी पावती फाडून घेतात. डीजेचे पैसे किती झाले हे विचारलं म्हणून मला "मोठा कवी झालास" असं ऐकवलं. मागल्या वर्षी शेजारच्या मातंगाच्या पोरानं विहारात अभ्यासाला बसू का विचारलं, तर म्हणाले, "त्यांचं त्यांनी बघावं." आमच्या वस्तीतली एक बाई नवऱ्याच्या माराची तक्रार घेऊन आली. कमिटीनं काय सांगितलं? "पोलिसात जाऊ नको, समाजाची बदनामी होईल." शब्दाला शब्द तोच! फक्त उर्दूच्या जागी मराठी. त्या दिवशी मला कळलं की हा रोग दाढीचा नाही.

मग करायचं काय? मला तीनच गोष्टी सुचतात.

एक, वक्फच्या बाबतीत उभं राहायचं ते हिशोबासकट. सरकारनं आत शिरू नये, हे म्हणायचं. आणि त्याच दमात विचारायचं की पैसा जातो कुठं? २००६ च्या सच्चर समितीनं सांगितलं, देशात सुमारे सहा लाख एकर वक्फची जमीन आणि वर्षाचं उत्पन्न कसंबसं १६३ कोटी. नीट कारभार केला तर ते १२ हजार कोटींपर्यंत जाऊ शकतं. हा फरक कुणाच्या घरात मुरतो? त्यातून आपासारख्या बायांना पोटगी, लूमवाल्यांना दवाखाना का होत नाही? हे विचारायचा हक्क चाचांचा पहिला. आपण त्यांच्या मागं उभं राहायचं, पुढं नाही. त्यांच्या पुढं उभं राहून ओरडायला बाकीचे पुष्कळ आहेत.

दोन, जमातीकडून शिकायचं. कायदा कमिटी शिकायची. २०१८ मध्ये आपल्याकडं ती असती तर माझ्या मायला तीन दारं झिजवावी लागली नसती. आपल्यात वकील कमी आहेत का? आहेत भरपूर. कोटावर निळा बिल्ला लावून जयंतीला स्टेजवर असतात. त्यांची नावं आणि फोन वस्तीच्या फळ्यावर लिहा. रात्री दोनला कोण येतो ते बघा.

तीन, आणि हे अवघड आहे. बाई दारात आली की समाज, कौम, पक्ष, धम्म, कुणाचीही बदनामी बाजूला ठेवायची आणि तिच्याबरोबर चालायला लागायचं. पूल ओलांडून चालावं लागलं तरी. बदनामी बाईच्या तक्रारीनं होत नसते, तिला परत पाठवल्यानं होते.

त्या रात्री सव्वानऊला दिवे आले. एकदम सगळे लूम सुरू झाले नाहीत. आधी एक, मग दुसरा, मग गल्लीभर. चाचा बिडी विझवून उठले. एका लूमवर धागा तुटला होता. त्यांनी तो अंधुक उजेडात शोधला, दोन बोटांनी गाठ मारली. मी म्हणालो, "चाचा, तुमच्या त्या फतव्याचं लिहू का?"

खटखटीत त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटलं. पण शेडच्या दारापर्यंत आलो तेव्हा मागून आवाज आला.

"लिख. मेरा नाम मत लिखना. अभी छह साल की नौकरी है."

नाव लिहिलेलं नाही. बाकी सगळं लिहिलंय. ज्या दिवशी चाचांना नाव लिही म्हणता येईल, आणि आमच्या वस्तीतल्या त्या बाईलाही, त्या दिवशी हा लेख मी पुन्हा लिहीन.

जय भीम.